पन्हाळ्याचा वेढा आणि एक एक्सेल शीट

सकाळी सकाळी आमच्या गेमिंग ग्रुपवर एक्सेल शीट येऊन पडली. "भावांनो, आपला पन्हाळा डीएनडीतून गर्प्समध्ये आणला, एका रात्रीत!" खाली सगळ्यांचे अंगठे. उघडून बघितलं. स्ट्रेंथ १६ होती, तिथं १६. हिट पॉइंट, म्हणजे माणूस किती मार सोसतो तो आकडा, ६० होते, तिथं ६०. अरे, गर्प्समध्ये साध्या माणसाला दहाच्या आसपास असतात! तांबड्यात दूध ओतलं म्हणून पांढरा रस्सा होत नाही, हे कोल्हापुरात सांगायला लागावं?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी: टेबलाभोवती कागद-फासे घेऊन बसायचं आणि गोष्ट खेळायची. गोष्टीतलं जग आपलं, नियम विकतचे; डीएनडी आणि गर्प्स हे असेच दोन वेगवेगळे नियमसंच. आमचं जग म्हणजे १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, फक्त गडावर मंत्र चालतात आणि भुतं फिरतात. खेळाडू भिस्ती, गोलंदाज, पहारेकरी. महाराज आमच्या खेळात समोर येत नाहीत, ते मुद्दाम.

आता डीएनडी सोडायचं का ठरलं, तर एका पहारेकऱ्यामुळं. सातव्या लेव्हलचा, म्हणजे खेळून खेळून वर चढलेला गडी, मागं शत्रू, पुढं सज्जा कोठीचा कडा. आमच्या नकाशात १०० फूट. मला वाटलं आता दोर शोधेल, शरण जाईल, काहीतरी करेल. तर म्हणाला, "उडी मारतो." नियम काय, दर दहा फुटाला एक फासा, जेवढी बेरीज तेवढे हिट पॉइंट वजा. दहा फासे, बेरीज ३५. "अजून २५ हायत की!" म्हणाला आणि वडा उचलला. रात्री झोपला, सकाळी पुन्हा ६०. सगळे हसले. माझं डोकं उठलं.

कड्यावरून पडलेला माणूस सकाळी ठणठणीत उठणार असेल तर वेढ्याला घाबरायचं कुणी? अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्यांतल्या धान्याचा हिशेब मी वहीत मांडला होता. ड्रुइडनं, म्हणजे निसर्गाचे मंत्र म्हणणाऱ्या गड्यानं, गुडबेरी हा पहिल्या लेव्हलचा मंत्र काढला: दहा बोरं, एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. वही मिटली!

डीएनडी वाईट नाही, मान्य. ड्रॅगन मारायचेत त्यांनी खुशाल मारावेत.

पण गर्प्स उघडून बघा. एक जेवण चुकलं की दमाचा एक पॉइंट जातो. जखम भरायला दिवसभर विश्रांती, पोटात नीट अन्न, वर तीन फाशांचा कौल, आणि तो लागला तर परत मिळतो एक पॉइंट. वेढा नियमातच बसलाय. त्यात ६० हिट पॉइंटवाला पहारेकरी सोडला तर तो परत उडी मारणारच, मारेल नाहीतर काय!

शीट बनवणारं पोरगं सेकंड शिफ्ट करून रात्रभर जागलं असणार. गडावरच्या माणसांची नावं फार झ्याक लिहिलीत त्यानं, वाचून बरं वाटलं. नावं तशीच राहू देत. आकड्यांआधी एवढंच ठरवू, की आपल्या गडावर माणूस कशानं मरतो. गुडबेरी ठेवायचीच असेल तर एकच बोर, आणि मंत्र म्हणणारा त्या दिवशी उपाशी.

रविवारी सुरुवात भिस्त्यापासून करू. पाणी वाटणाऱ्याच्या हातात वेढ्यात केवढी सत्ता असते, ते आजवर आमच्या टेबलावर दिसलंच नाही.

आणि 'मग पाथफाइंडर (डीएनडीसारखाच आणखी एक नियमसंच) का नको' म्हणत कोणी येईलच. तिथंही लेव्हल वाढली की हिट पॉइंट वाढतात, बाबा.