परदेशातून : बारला खिडकी का नको?

सांगलीला विश्रामबागेत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक परमिट रूम होती. तिथलं सुकं चिकन मी दहा-बारा वर्षं खाल्लं, पण ती जागा आतून कशी होती हे मला आजही ठाऊक नाही. बुधवारी संध्याकाळी अण्णा स्कूटर काढायचे, मी मागे बसायचे. अण्णा काळ्या काचेचं दार ढकलून आत जायचे आणि मी बाहेर स्कूटरवर, पानटपरीकडे तोंड करून. दार उघडलं की गार हवा, लसणाचा आणि सिगारेटचा वास आणि लाल उजेडाचा एक तुकडा बाहेर पडायचा. दार मिटलं की संपलं. वीस मिनिटांनी अण्णा पार्सल घेऊन यायचे, सुकं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, रस्सा वेगळ्या पिशवीत, तोंडाला दोरा. "कुणी विचारलं तर हॉटेलातनं आणलं म्हणायचं," हे ते एकदाच म्हणाले. पुन्हा सांगावं लागलं नाही.

हे आठवायचं कारण दादा. त्याच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक गाळा रिकामा आहे आणि तिथं कुणालातरी बार अँड रेस्टॉरंट काढायचं आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. हे फक्त दुकानांना की बारलाही, यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस गेले. मग मूळ भांडण सुरू झालं. एक बाजू म्हणते, संस्कार, मुलीबाळी, रात्रीचा दंगा. दुसरी म्हणते, कुठल्या शतकात राहता, गाळ्याचा मेंटेनन्स कोण भरणार. दादा मला स्क्रीनशॉट पाठवतो आणि वर लिहितो, "तुमच्याकडे कसं असतं गं?"

आमच्याकडे म्हणजे इंग्लंडातल्या स्मेदिकमध्ये. बर्मिंगहॅमला चिकटूनच आहे हे गाव. मी इथल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. शुक्रवारी मी कामावरून आले की नवरा, मुलगी आणि मी चालत पबमध्ये जेवायला जातो. इकडे याला देसी पब म्हणतात. इमारत जुनी, लाल विटांची, आत डार्टबोर्ड, पूल टेबल, टीव्हीवर क्रिकेट, काउंटरवर बिअरचे नळ, आणि मागच्या स्वयंपाकघरात पंजाबी माणसं तंदूर पेटवून उभी. काउंटरवर जाऊन टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, पेय स्वतःच उचलून आणायचं. जेवण मात्र टेबलावर येतं. मिक्स ग्रिल म्हणजे तापलेल्या लोखंडी ताटलीत कांद्यावर रचलेले चिकन टिक्का, विंग्ज, सीख कबाब आणि लॅम्ब चॉप्स. ती चरचरत, धूर काढत येते तेव्हा चार टेबलांवरची डोकी वर होतात आणि वेटर ओरडतो, "हॉट प्लेट, हॉट प्लेट!" माझी मुलगी फिश पकोडे खाते आणि टेबलाखाली बसून चित्रं रंगवते. मुलांना नऊपर्यंत बसता येतं. नऊला पाच कमी असताना काउंटरमागची बाई घड्याळाकडे नाही, आमच्याकडे बघते.

शेजारच्या टेबलावर फाउंड्रीतून निवृत्त झालेले तीन सरदारजी असतात, त्यांच्या पलीकडे एक गोरं म्हातारं जोडपं चॉप्सची हाडं चोखत असतं. आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आम्ही सगळे दिसतो. खिडक्याच तेवढ्या आहेत. मला सांगायचंय ते एवढंच आहे, पण ते सांगायला मला जरा लांबून यावं लागणार.

आपल्याकडे बारला परमिट रूम का म्हणतात, हे तिथं रोज बसणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल? १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू मुळात बंद आहे, पिणाऱ्याने परवाना काढायचा. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. त्या परवान्यावर कारण काय, तर प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे बारमध्ये बसलेला प्रत्येक माणूस कागदोपत्री औषध घ्यायला आलेला असतो. (फार्मासिस्ट म्हणून मला याचं विशेष कौतुक वाटतं.) बिअर-वाइन एकविसाव्या वर्षी, बाकीचं पंचविसाव्या. लग्न आधी, व्हिस्की नंतर. ज्या गोष्टीची कायद्यानेच अशी चोरून सोय केली, तिच्या जागेला खिडकी कशी असणार? काळी काच, लाल दिवा, जिन्यावर पाटी "फॅमिलीसाठी वर स्वतंत्र सोय". ही वास्तुरचना त्या कायद्यातूनच आली आहे असं माझं मत आहे.

आणि वाद कशावर होतात? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू द्यायची का, यावर झाला. पुढे २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं, परमिट रूमच्या दारूवरचा व्हॅट आधीच ५ वरून १० टक्क्यांवर गेला होता, १४ जुलैला बारवाल्यांनी बंद पाळला. दर, कर, अंतर, शाळेपासून किती मीटर, हायवेपासून किती मीटर. जागा कशी असावी, तिथं कोण बसू शकतं, हा प्रश्न मी आजवर एकाही चर्चेत ऐकलेला नाही.

आडव्या बाटलीच्या मतदानाकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघते. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यायचं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. कॉलेजात असताना मला हे मागासलेपण वाटायचं. आता वाटतं, त्या बायकांचा हिशेब चोख आहे. त्या जागेत त्यांना कधी पाऊल टाकता आलं नाही, बसून चहा पिता आला नाही. तिथून त्यांच्या घरी आलं ते फक्त बिल, आणि झोकांड्या खाणारा माणूस. अशी जागा राहिली काय आणि गेली काय? उलट गेलेली बरी. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, तेव्हा "बंदी फसली" म्हणून इथल्या मराठी मंडळात लोक हसले होते. मीही हसले असेन. पण बंदी फसली म्हणजे त्या बायकांची तक्रार खोटी ठरली, असं होत नाही.

दादाला वाटतं इंग्लंडात हे सगळं पहिल्यापासून असं मोकळं आहे. मुळीच नाही. आमच्या या स्मेदिकमध्येच साठच्या दशकात पंजाबी कामगारांना पबच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. एकाच पबमध्ये साधी खोली वेगळी, गालिचा घातलेली वेगळी. दिवसभर भट्टीपुढे लोखंड ओतणाऱ्या माणसाला संध्याकाळी "तुम्ही तिकडं" असं सांगितलं जायचं. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन अशा पबांमध्ये मुद्दाम जायचे, कुणाला पेला मिळतो आणि कुणाला नाही हे उघडं पाडायला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स इथं आले. त्यांना जौहल ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये घेऊन गेले, आणि तिथल्या बऱ्या खोलीत त्यांना सर्व्ह करायला नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वंशभेदाविरुद्धचा कायदा लागू झाला आणि पबच्या दारात माणसं निवडणं बेकायदेशीर ठरलं. पुढं गोऱ्या मालकांना जे पब चालवणं जमेना, त्यांतले कित्येक याच लोकांनी चालवायला घेतले. आज मी ज्या टेबलावर नान मोडते ते टेबल असं मिळालेलं आहे.

बायकांचंही तेच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाचा वाइन बार होता, वकील आणि पत्रकारांचा अड्डा. तिथं बाईने काउंटरपाशी उभं राहून पेय मागितलं तर मिळत नसे. मागच्या खोलीत बसा, टेबलावर आणून देऊ. टेस गिल आणि अ‍ॅना कूट, एक वकील आणि एक पत्रकार, कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये अपील कोर्टात जिंकल्या. १९८२! समान हक्काचा कायदा होऊन सात वर्षं झाली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या परमिट रूमची जिन्यावरची पाटीच आठवली. फॅमिलीसाठी वर स्वतंत्र सोय.

परवान्याचीही गंमत बघा. इथं बारला नवीन परवाना हवा असेल किंवा वेळ वाढवून हवी असेल तर दारावर फिक्या निळ्या कागदाची नोटीस अठ्ठावीस दिवस लावावी लागते. शेजाऱ्यांनी हरकत घ्यायची ती चारच मुद्द्यांवर: गुन्हे, सुरक्षितता, लोकांना उपद्रव, मुलांना धोका. "दारू वाईट" ही हरकत चालत नाही, आणि "मला आवडते" हाही मुद्दा नाही. आमच्या गल्लीच्या टोकाच्या पबने रात्री एकपर्यंत गाणी वाजवायला परवानगी मागितली होती. आम्ही सात घरांनी पत्रं लिहिली. कौन्सिलच्या तीन सदस्यांपुढे सुनावणी झाली. मालकही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, घाबरलेला. ठरलं असं की गाणी अकरापर्यंत, मागची बाग दहाला बंद, दारावर "शांतपणे घरी जा" अशी पाटी. पाटी कुणी वाचत नाही, पण बाग दहाला बंद होते. त्याने पब उघडायचा की नाही हे आम्हाला कुणी विचारलं नाही. तो कसा चालवायचा, एवढंच विचारलं.

आता हे वाचून कुणाला वाटेल, बाई पबच्या प्रेमात पडल्या. तर सांगते, सोमवारी सकाळी माझ्या हातात येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये क्लोरडायझेपॉक्साइडच्या उतरत्या मात्रा आणि थायमिन लिहिलेलं असतं. दारू सोडवताना हात थरथरू नयेत, झटके येऊ नयेत, मेंदू वाचावा म्हणून. त्यांतले बरेच जण माझ्यापेक्षा लहान असतात. खिडकी असल्याने यकृत वाचत नाही. शनिवारी रात्री बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर जे चालतं ते काही मिक्स ग्रिलचं कौटुंबिक दृश्य नव्हे.

आई इकडे आली होती तेव्हा तिलाही पबमध्ये नेलं. "जेवायचं हॉटेल आहे," असं सांगून नेलं, म्हणजे अण्णांचंच वाक्य मी उलटं वापरलं. आईने लेमोनेड घेतलं, पकोडे खाल्ले, लिंबू जास्त हवं होतं म्हणाली. कोपऱ्यात तिच्याच वयाची एक बाई अर्धा पिंट घेऊन शब्दकोडं सोडवत बसली होती. आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, बाई असून पिते. आई म्हणाली, "हिला घरी कुणी नाही काय गं?" मी चौकशी केली. खरंच नव्हतं. ती रोज येते, आणि एखाद दिवशी आली नाही तर काउंटरमागची बाई फोन करते.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, हो-नाही सोडा, अटी घाला. दर्शनी बाजूला साधी काच, भरपूर उजेड, घरच्यांना बसायला पुढची टेबलं, अकराला बंद, आणि तक्रार आली तर मालकाने मीटिंगला यायचं. तो हसला. "अगं, साधी काच लावली तर पहिल्याच दिवशी निम्मी सोसायटी आत दिसेल!"

तरी त्याने ते ग्रुपवर टाकलं. रविवारी मीटिंग झाली. चाळीसपैकी एकतीस घरांचं कोणी ना कोणी आलं. दीड तास वाद झाला आणि मग गाळेवाला स्वतः उठून बोलला. काय बोलला ते विचारलं तर दादाने थेट इतिवृत्ताचा फोटोच पाठवला. ना हरकत एकमताने मंजूर. अटी तीन. दर्शनी भागाला संपूर्ण काळी काच. प्रवेश मागच्या बाजूने, पार्किंगमधून. सभासदांना पार्सलवर दहा टक्के सवलत.