रूसोचं 'निर्जन' बेट

रूसोबद्दल एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: 'समाजाला विटलेला हा तत्त्वज्ञ स्वित्झर्लंडला, आपल्या मायदेशी परतला, निर्जन बेटावर एकटा राहिला आणि तिथेच त्याने आपलं उदास प्रवासवर्णन लिहिलं.' वाचायला झकास, पण जवळजवळ प्रत्येक शब्दाला अडखळायला होतं.

मायदेशापासूनच बघा. रूसो १७१२ साली जिनिव्हात जन्मला. जिनिव्हा तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, स्वित्झर्लंडमध्ये ते आलं १८१५ साली. आणि 'परतला' कसला? १७६२ मध्ये जिनिव्हाने त्याची पुस्तकं जाळली, अटकेचा हुकूम काढला. पुढच्या वर्षी त्यानेच नागरिकत्व सोडलं. मोतिए गावात आसरा घेतला, तर सप्टेंबर १७६५ मध्ये एका रात्री घरावर दगड पडले. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बिएन सरोवरातल्या सें-पिएर बेटावर तो आला तो जीव मुठीत धरून.

निर्जन म्हणाल, तर बेटावर घर एकच होतं, पण ऐसपैस. त्यात कारभारी, त्याची बायको, नोकरचाकर, शिवाय रूसोची जोडीदारीण तेरेझ. द्राक्षं उतरवायच्या दिवसांत दर रविवारी काठावरची माणसं नाचायला यायची. रूसो सकाळी हातात भिंग, काखोटीला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचं पुस्तक घेऊन झाडपाला बघत हिंडायचा. शेजारच्या चिमुकल्या बेटावर ससे सोडायचं ठरलं, तेव्हा पाण्याला भयंकर भिणारी कारभारीणसुद्धा त्याच्या भरवशावर होडीत बसली. ग्रीक कथेतल्या अर्गो जहाजाच्या सुकाणूवाल्यालाही माझ्याइतका ताठा नसेल, असं त्यानेच लिहिलंय! हा माणूस उदास?

उलट तो सगळ्यात सुखाचा काळ, असं तो सांगतो. मुक्काम दोन महिन्यांचा म्हणतो, भरतात जेमतेम सहा आठवडे. ऑक्टोबरात, बेटावर सत्ता असलेल्या बर्न सरकारने घालवून दिलं.

राहिलं पुस्तक, म्हणजे 'एकाकी फिरस्त्याची दिवास्वप्नं'. ते बेटावर नाही, पॅरिसमध्ये लिहिलं, १७७६ ते १७७८ दरम्यान, काही टिपणं तर चक्क पत्त्यांच्या पानांवर. त्यातल्या प्रकरणांना तो फेरफटके म्हणतो: एकूण दहा, दहावा अपुरा, आणि बेट येतं पाचव्यात. उदासी आहे, नाही कशी, पण ती पॅरिसमधल्या म्हाताऱ्याची. प्रवासवर्णन म्हणावं, तर दुसऱ्या फेरफटक्यात पॅरिसलगतच्या मेनिलमोंताँच्या उतारावर एक दांडगा कुत्रा त्याला आडवा करतो, एवढाच काय तो प्रवास.

निर्जनतेची हौस त्याला होती, हे मात्र खरं. सातव्या फेरफटक्यात तो डोंगरातल्या दाट झाडीत बसलाय. इथे पाऊल ठेवणारा पहिला माणूस आपणच, जणू दुसरा कोलंबस, असं त्याला वाटतंय. तेवढ्यात जवळच खटखट ऐकू येते. झुडपं बाजूला सारून बघतो, तर वीस पावलांवर मोज्यांचा कारखाना.