एका सेटिंगला एक दहीवडा

मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला देऊन टाकला आणि वर तंबी दिली, ऑटोवर फोटो काढायचे नाहीत हं आई, एम वर ठेव, म्हणजे सगळे आकडे तूच ठरवायचे. म्हटलं ठेवते, त्यात काय.

पहिलं भांडण अ‍ॅपर्चरशी, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाशी. आकडा छोटा तर भोक मोठं आणि आकडा मोठा तर भोक छोटं, हा कुठला न्याय? शेवटी मीच जिलबीवर आणलं. एक जिलबी चौघांत वाटली तर वाटा मोठा, सोळा जणांत वाटली तर तोंडालाही लागत नाही, म्हणून एफ ४ मोठं आणि एफ १६ छोटं. मुलगा म्हणाला, बरोबर आहे पण असं कोणाला सांगू नकोस.

मग रात्री गेलो इंदूरच्या सराफ्यात. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि एक दहीवडेवाले भरलेला दोना हवेत उडवून झेलतात, दही सांडत नाही. मला तो दोना हवेतच पकडायचा होता. एफ ३.५, शटर उघडं १/६० सेकंद, आयएसओ, म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा, ८००, आणि फोटोत नुसता पांढरा फराटा. शटर १/५०० केलं तर सगळं काळंकुट्ट, कारण उजेड आठपट कमी, मग आयएसओ ६४०० केला तेव्हा कुठे दिसायला लागलं, पण दह्यावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे. शिवाय ते ऑर्डरशिवाय दोना उडवत नाहीत, म्हणजे एका सेटिंगला एक दहीवडा. मी चार खाल्ले, नवऱ्याने तीन, तेही कुरकुरत. आठव्याला दहीवडेवालेच म्हणाले, "भिया, मैडम का फोटू हुआ कि और उछालूं?" झाला एकदाचा! दोना हवेत, दही दोन्यात, फक्त त्यांचं डोकं कापलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूबाईंना नवी पैठणी नेसवून राजवाड्यासमोर उभं केलं आणि कालच्या आनंदात रात्रीचे आकडे बदललेच नाहीत, धडाधड वीस फोटो काढले, उन्हात स्क्रीन काही दिसत नव्हता. घरी येऊन टीव्हीवर लावले तर सात मजली राजवाडा गायब, पैठणी गायब, मधोमध फिकट कुंकू आणि चष्म्याच्या काड्या.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढी पावडर नव्हती गं लावली मी."