उरलेला रंग कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका

‘उरलेला रंग दहा वर्षं टिकवा’ असा पाच युक्त्यांचा मेसेज फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने ग्रिलचा उरलेला ऑइल पेंट आणि वेगळं उरलेलं टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रव) कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून सिंकखाली ठेवलं. घरात तीन वर्षांचा नातू आहे. म्हणून आधी या बाटलीबद्दलच बोलतो.

‘पारदर्शक बाटलीत भरा, म्हणजे रंग बाहेरून दिसेल.’ अहो, मुलालाही तो दिसतो! टर्पेंटाइन तर पाण्यासारखं दिसतं आणि तहानलेलं मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही. धोका नुसता पोटाला नसतो. गिळताना ठसका लागला की हे पातळ द्रव श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसांना सूज येते. म्हणूनच कोणी टर्पेंटाइन किंवा रॉकेल प्यायलं तर उलटी करायला लावायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं. शिवाय शेड नंबर आणि बॅच मूळ डब्यावर असतात. डबा फेकला की पुढे तोच रंग जुळवणंही अवघड. रंग फारच थोडा उरला असेल तर पेंटच्या दुकानातून छोटा रिकामा पत्र्याचा डबा आणा, त्यात काठोकाठ भरा आणि शेड नंबर लिहून कुलपात ठेवा.

‘कोणत्याही रंगात दोन चमचे रॉकेल घाला.’ कोणत्याही? भिंतीचा इमल्शन रंग पाण्यात कालवलेला असतो. रॉकेल त्यात मिसळत नाही, रंग वाया जातो.

‘डबा उलटा ठेवा.’ यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. ऑइल पेंटवर हवेने साय धरते. डबा उलटा असला तर ती तळाकडे राहते. पण कडेला वाळलेला रंग असेल तर झाकण नीट बसत नाही आणि डबा माळ्यावर गळतो. त्यापेक्षा कड पुसा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला आणि लाकडी ठोकळ्याने झाकण सगळीकडून ठोकून बसवा. साय धरलीच तर ती काढून टाका आणि रंग गाळून घ्या.

‘वास आला तर फिनाइल टाका.’ इमल्शनला कुजका वास आला म्हणजे त्यात जंतू वाढलेत. फिनाइलने तो रंग सुधारत नाही. टाकून द्या, पण मोरीत ओतू नका.

‘रंग कधीच खराब होत नाही, जुना ऑइल पेंट मुलांच्या पलंगाला वापरा.’ हे वाचून मात्र राग आवरला नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात किती शिसं आहे हे घरी कळायला मार्ग नाही. पिवळ्या, केशरी ऑइल पेंटमध्ये तर लेड क्रोमेट हे शिसं असलेलं रंगद्रव्य सर्रास असायचं. मुलं पलंगाचा कठडा चावतात, आणि शिसं मेंदूच्या वाढीवरच घाला घालतं. असा डबा तुमच्या माळ्यावर असेल तर तो पलंगालाच काय, घरात कशालाच लावू नका.