एक स्टार देणाऱ्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुमच्या दोन फोनना आम्ही उलट फोन केला नाही, ती चूक आमचीच. माफ करा. पण 'मिस्टरांचे टॅक्स-फ्री डिसॅबिलिटीचे पैसे उत्पन्नात धरले आणि कमिशनसाठी सबसिडी घालवली' हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून फार लागलं. आम्ही आरोग्यविमा काढून देणारे एजंट, आणि सबसिडी म्हणजे त्या विम्याच्या हप्त्यासाठी सरकार देतं ती मदत. न्यू जर्सीतले आपलेच लोक हे वाचून आमच्याकडे यायचे थांबतील, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे आकडे इथे मांडणार नाही, उदाहरण घेते. बायकोचा पगार ६४,००० डॉलर, नवऱ्याची सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी (अपंगत्वामुळे सरकारकडून मिळणारे पैसे) महिना २,०००, म्हणजे वर्षाचे २४,०००. रिटर्न एकत्र. १०४० या टॅक्सच्या फॉर्मवर ६बी ओळीत (टॅक्स लागणारा भाग) त्यातले २०,४०० च येतात, कारण टॅक्स फार तर ८५ टक्क्यांवर लागतो. बेरीज ८४,४००. सबसिडीसाठी दोन माणसांच्या घराची २०२६ ची उत्पन्नाची मर्यादा ८४,६००, तेव्हा सबसिडी बसते असं वाटतं. पण सबसिडीसाठी ६ए ओळ (मिळालेली सगळी रक्कम) धरतात, पूर्ण २४,०००. झाले ८८,०००. केंद्राची सबसिडी शून्य. नवरा मेडिकेअरवर (सरकारी आरोग्यविमा) असला तरी त्याचं उत्पन्न सुटत नाही. बँकेत जमा होणारा आकडाही लिहायचा नसतो, त्यातून मेडिकेअरच्या पार्ट बीच्या हप्त्याचे महिना २०२.९० आधीच कापलेले असतात.

तुमची मैत्रीण म्हणते 'धरत नाहीत', ते एसएसआयबद्दल (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांना मिळणारी वेगळी मदत) खरं आहे. व्हेटरन्सची डिसॅबिलिटीही धरत नाहीत. पण तुमच्या घरी जानेवारीत एसएसए-१०९९ (वर्षभरात मिळालेल्या सोशल सिक्युरिटीचा फॉर्म) येतो, आणि एसएसआयवाल्यांना तो फॉर्म येतच नाही.

कमी आकडा भरून दिला असता तर आज तुम्ही खूश असता. मग रिटर्नबरोबर ८९६२ (सबसिडीचा हिशोब जुळवायचा फॉर्म) भरताना उचललेली सगळी सबसिडी परत करावी लागली असती, आणि २०२६ पासून त्या परतफेडीला कमाल मर्यादा उरलेली नाही. आमचं कमिशन विमा कंपनी देते. तुमची सबसिडी गेली म्हणून ते एक सेंटनेही वाढत नाही, ताई.

यावर उपाय होता, पण तो सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. दोघांपैकी कुणालाच नोकरीत रिटायरमेंट प्लॅन नसेल, तर वरच्या उदाहरणात ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं बचत खातं) ३,५०० भरले की उत्पन्न ८४,५०० वर येतं. २०२६ साठी १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात. आधी टॅक्सवाल्यांना विचारून घ्या.

फोनसाठी संध्याकाळी कुणीतरी ठेवायचं बघतोय. तो एसएसए-१०९९ घेऊन या, पाचव्या चौकटीतला आकडा समोर ठेवून पुन्हा हिशोब करू.