भाषा येत नाही म्हणून जपान बघायचंच नाही?

काका, नमस्कार. "जपानीची चार वाक्यं पाठ करून एकटीने फिरणं हा बेजबाबदारपणा, आणि मुलीबाळींना तसा सल्ला देणं त्याहून वाईट. जायचंच तर टूरबरोबर जावं," असं तुम्ही लिहिलंत. काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण मला ते पटत नाही.

तुम्ही म्हापशाचे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यांवर उतरलेले कितीतरी रशियन शुक्रवारच्या बाजारात येतात. कोकणी-मराठी सोडाच, त्यांतल्या अनेकांना इंग्रजीही धड येत नाही. भाव बोटांवर नाहीतर कॅल्क्युलेटरवर ठरतो. त्यांना आपण कधी बेजबाबदार म्हटलं?

आणि तोक्योत तर परक्या माणसाचा विचार आधीच करून ठेवलाय. मेट्रोच्या स्टेशनांना २००४पासून अक्षर आणि आकडा आहे. गिन्झा मार्गावर गिन्झा स्टेशन म्हणजे जी-०९, आसाकुसा जी-१९. पाटीवरची लिपी कळली नाही तरी आकडे मोजत माणूस पोचतो. बऱ्याच खानावळींच्या काचेत पदार्थांचे हुबेहूब प्लास्टिकचे नमुने असतात, बोट दाखवलं की झालं. वाट चुकलीच तर वस्तीवस्तीत कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी असते. हॉटेलचा जपानीत छापलेला पत्ता तिथे पुढे करायचा.

खुणांवर भागत नाही ते शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवणाऱ्यांचं. तिथल्या कितीतरी रश्शांचा पाया दाशी, म्हणजे पाण्यात उतरवलेला अर्क, आणि ती बहुतेकदा सुक्या माशाची. "मासे नकोत" म्हटलं की तुकडे येत नाहीत, पण दाशी येतेच. म्हणून मी निघण्यापूर्वीच जाणकाराकडून जपानीत चिठ्ठी लिहून घेते: मांस, मासे, माशाची दाशी, काहीच चालत नाही. कसली अ‍ॅलर्जी असेल तर अशी चिठ्ठी हवीच हवी. टूरबरोबर जाणाऱ्यानेही ती खिशात ठेवावी, कारण तिथे भाषा येते ती गाइडला, आणि गर्दीच्या स्टेशनात त्याचा हात सुटायला वेळ लागत नाही.

"आजारी पडली तर?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. जपानच्या पर्यटन संस्थेची इंग्रजी हेल्पलाइन चोवीस तास चालते, तिचा नंबर जाण्यापूर्वीच फोनमध्ये घालून ठेवावा. औषधांचं मात्र इथूनच बघून जा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे नेता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं. तुमच्या घरचं कुणी जाणार असेल तर गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक आधी वाचायला सांगा.