सगळ्यांना काळे कुर्ते

एकांकिकेच्या बजेटात कपडेपटाचा नंबर वडापावनंतर लागतो. नेपथ्याला प्लाय लागतो, लाइटवाल्याला ॲडव्हान्स लागतो, आणि उरलेल्या पाचशे रुपयांत पेशवाई उभी करायला आम्ही कपडेपटवाले असतोच. कुरकुर केली की दिग्दर्शक ऐकवतो, पुण्याची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३पासून चालू आहे आणि तिथे भर लेखन, अभिनय, दिग्दर्शनावर असतो. कपडे कोण बघतंय? मग दयाळूपणे म्हणतो, "सोपं करू. सगळ्यांना काळे कुर्ते."

याच्याइतकं अवघड काही नाही. नऊ पोरांनी घरून आणलेले नऊ काळे कुर्ते तालमीच्या ट्यूबलाइटखाली भावंडं वाटतात. रंगमंचावर पिवळा झोत पडला की एक चॉकलेटी निघतो, एक हिरवट, आणि धुऊन धुऊन विटलेला एक सरळ करडा. काळा रंग बहुधा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो. उजेड बदलला की त्याच्या पोटातलं बाहेर येतं. त्यात मागे काळा पडदा. धडं गायब, नऊ मुंडकी आणि अठरा हात हवेत. भुताची एकांकिका असेल तर मजाच, पण आपली असते शेतकऱ्यांच्या प्रश्नावर.

काळाच हवा असेल तर एका ताग्यातलं कापड घ्या. घरी रंगवणार असाल तर सगळे सुती कुर्ते एकाच पातेल्यात, एकाच वेळी. तरीही शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असला तर तो रंग घेत नाही आणि काळ्या कुर्त्यावर पांढरे टाके चमकतात. मार्कर पेनाने ते टाके काळे करत बसणं हे या कलेचं सर्वोच्च शिखर. मी तरी गडद निळा किंवा मातकट रंग सुचवतो. ऐकत कोणी नाही.

पांढऱ्याचं दुखणं उलटं. समोरच्या झोतात नवाकोरा पांढरा सदरा असा पेटतो की वरचा चेहरा काळवंडतो. त्याला चहा पाजावा. पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहापूड उकळायची, गाळायची (न गाळल्यास सदऱ्याला देवी येतात), ओला सदरा अर्धा तास बुडवून हलवत राहायचं. ओलं कापड गडद दिसतं, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा जास्त रंग चढल्यावर काढायचा. टेरिकॉटवर हा रंग नीट चढत नाही.

मापं विचारली की नट बारावीतली सांगतो. टेप लावूनच घ्या आणि बाजूच्या शिवणीत दीड इंच माया (जास्तीचं कापड) सोडा, कारण ऐन वेळी एटीकेटीमुळे नट बदलतो आणि नवा हटकून दांडगा निघतो.

खरी परीक्षा दोन प्रवेशांमधल्या वीस सेकंदांच्या अंधारात, कपडे बदलताना. सव्वाआठ मीटरची नऊवारी तेवढ्यात नेसून होत नाही, शिवलेलीच लागते. शर्टाला वेल्क्रो लावायचा मोह आवरा. नायिकेच्या वडिलांचं निधन होतं आणि विंगेतून "चर्रर्र" येतं. टिचबटणं बरी. वरची तीन उघडी ठेवून बाकी शर्ट पुढून शिवून टाकला आणि डोक्यातून घातला, तर त्याहून बरा. लेंग्याची नाडी नेफ्यात मागच्या मध्यावर चार टाके घालून पक्की करा, नाहीतर एक टोक आत जातं आणि पुढचा प्रवेश नट एका हाताने करतो. समीक्षकांना तो अभिनय वाटू शकतो, पण भरवसा नको.

राहता राहिलं रक्त. चॉकलेट सिरप, खायचा लाल रंग, आणि न विसरता चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, म्हणजे डाग निघायला सोपा जातो. नटाने ते तोंडात घ्यायचं नाही, हे त्याला दोनदा सांगा. प्रयोग संपल्या संपल्या बंडी गार पाण्यात, गरम अजिबात नाही. करंडक मिळाला तर मात्र सगळी टीम त्याच बंडीत रात्रभर नाचते, आणि सकाळी कपडे भाड्याने देणारा ड्रेपरीवाला आधी डाग बघतो, मग आपल्या डिपॉझिटची पावती.